मान्थौ, मांदू, मान्ती, मान्ज्यू

बीजिंगमध्ये मान्थौ, सोलमध्ये मांदू, जपानातल्या नारा शहरात मान्ज्यू, काशगरला मान्ता, ताश्कंदला मान्ती, काबूलला मान्तू आणि तुर्कस्तानातल्या कायसेरीला पुन्हा मान्ती. शब्द एकच आहे हे सांगायला भाषाशास्त्रज्ञ लागत नाही, कान पुरतो. पण या सात गावांत जाऊन तोच शब्द उच्चारलात तर पानात काय पडेल याचा मात्र भरवसा नाही. बीजिंगमध्ये सारण नसलेला, पांढराशुभ्र, वाफवलेला पावाचा गोळा येईल. सोलमध्ये मांस, टोफू आणि मोड आलेले मूग भरलेली चंद्रकोर. नारात लाल अझुकी कडधान्याचं गोड पुरण असलेली मऊ, गोल मिठाई. ताश्कंदला मुठीएवढा, चरबीनं पाघळणारा ऐवज, तर कायसेरीला नखाएवढी पुडी, दह्यात बुडालेली.

एरवी घडतं ते याच्या उलट. पदार्थ शेजारच्या मुलुखात जातो तेव्हा त्याचं नाव आधी गळतं. आपली पुरणपोळी कर्नाटकात गेली की होळिगे होते, ओबट्टू होते, तेलुगू घरात बोब्बट्लू होते. आतलं पुरण आणि वरची पोळी मात्र तीच. इथे पदार्थ पार बदलला, तरी नाव चीनपासून भूमध्य समुद्राच्या उंबऱ्यापर्यंत जवळजवळ जसंच्या तसं पोचलं. म्हणून या दोन अक्षरांचं वाचन कवितेच्या ओळीसारखं करून पाहावं असं वाटतं: शब्द सुटा करावा, लोकांनी त्यावर चढवलेले अर्थ एकेक करून उतरवावेत आणि खाली काय उरतं ते बघावं.

पहिलं अक्षर ‘मान’. चिनी लिपीत त्याचे दोन भाग दिसतात. डावीकडे अन्न सुचवणारी खूण, उजवीकडे केवळ उच्चार सांगणारा भाग. या अक्षराला दुसरा काही अर्थच नाही. ते या एका पदार्थासाठी घडवलेलं आहे. जुन्या लिखाणात तर अन्नाची खूणही नसते, नुसता उच्चार असतो. म्हणजे ज्यानं हा शब्द पहिल्यांदा कागदावर आणला त्यानं तो अर्थावरून लिहिला नाही, कानावर पडला तसा टिपला. दुसरं अक्षर ‘थौ’, म्हणजे डोकं. आणि इथेच सगळी गंमत सुरू होते, कारण डोकं दिसलं की माणसाला गोष्ट सुचते.

गोष्ट चीनमध्ये सगळ्यांना ठाऊक आहे. इसवी सन 225. शू राज्याचा मुत्सद्दी सेनापती झूगे ल्यांग दक्षिणेकडची बंडं मोडून, मंग ह्वो या सरदाराला नमवून परत निघाला आहे. वाटेत लू नदी खवळलेली. स्थानिक लोक सांगतात, नदीच्या देवाला एकोणपन्नास माणसांची मुंडकी वाहिलीत तरच ती शांत होईल. झूगे ल्यांग म्हणतो, युद्धात पुष्कळ माणसं मेली, आता आणखी नकोत. तो बैल आणि मेंढे कापायला लावतो, त्यांचं मांस कणकेत भरून माणसाच्या डोक्यासारखे गोळे वळून घेतो आणि ते नदीला वाहतो. दक्षिणेकडच्या या लोकांना चिनी भाषेत ‘मान’ म्हणत, रानटी या अर्थानं. म्हणून मान-थौ, रानटी माणसाचं डोकं. दुसरा एक अर्थही सांगतात: लपवणं, डोळ्यांत धूळ फेकणं यासाठीही चिनीत ‘मान’ असाच उच्चार आहे, तेव्हा मान-थौ म्हणजे देवाला फसवणारं डोकं. हा अर्थ मला जास्त आवडतो. त्यात निदान सेनापतीच्या हुशारीला दाद आहे. पहिल्यात जिंकलेल्याचा तोरा तेवढा आहे.

गोष्ट उत्तम, व्युत्पत्ती कच्ची. झूगे ल्यांगचं चरित्र ज्या तिसऱ्या शतकातल्या इतिहासग्रंथात आहे त्यात या गोळ्यांचा पत्ता नाही. ही कथा लिखाणात सापडते ती पुढे सुंग काळात, अकराव्या शतकात, आणि घराघरांत पोचते ती चौदाव्या शतकातल्या ‘तीन राज्यांची कथा’ या कादंबरीमुळे. शिवाय ‘थौ’चं काय करायचं? चिनीत दगडाला श-थौ म्हणतात, लाकडाला मु-थौ, हाडाला गू-थौ. तिथे कुणाचंही डोकं नाही. तो नामाच्या मागे लागणारा साधा प्रत्यय आहे. मान्थौमध्ये मुंडकं शोधणं हे आपल्या ‘दगड’ शब्दात गड शोधण्यासारखं आहे.

पण लोकव्युत्पत्ती चुकीची ठरली म्हणून ती फेकून द्यायची नसते. तिच्यात शब्दाचा उगम नसला तरी शब्दाबद्दलची भीती असते, आणि ती खरी असते. आत काय आहे ते दिसत नाही, हा सारण भरलेल्या प्रत्येक पदार्थाचा स्वभाव आहे. ‘शुई हू च्वान’ या कादंबरीतला वू सुंग हा वाघ मारणारा पैलवान एका फाट्यावरच्या खाणावळीत शिरतो, समोर आलेला मान्थौ उघडतो आणि मालकिणीला विचारतो की हे मांस माणसाचं की कुत्र्याचं. मालकीण सुन अर-न्यांग हसून नाही म्हणते. उत्तर खोटं असतं. त्या खाणावळीत वाटसरूंना गुंगीचं औषध देऊन त्यांचंच सारण करतात. झूगे ल्यांगच्या गोष्टीत माणसाला वाचवण्यासाठी मान्थौ केला, इथे मान्थौसाठी माणूस मारला. एकाच शब्दाच्या पोटातून दोन उलट्या गोष्टी निघाल्या आणि दोन्हींत प्रश्न एकच आहे, की आत कोण आहे.

याच कादंबरीत आणखी एक मजा आहे, ती जाता जाता सांगायलाच हवी. वू सुंगचा मोठा भाऊ वू दा हा ठेंगू, गरीब माणूस रस्त्यावर वाफवलेले, सारण नसलेले गोळे विकतो. आज बीजिंगमध्ये त्याच वस्तूला मान्थौ म्हणतात. कादंबरीत तिचं नाव आहे छ्वे-बिंग. आधी तिला जंग-बिंग, म्हणजे वाफेची रोटी, म्हणत. पण सुंग सम्राट रन्झुंगच्या नावातल्या अक्षराशी तो उच्चार जुळायचा आणि राजाचं नाव असं रस्त्यात ओरडून विकणं बरं नव्हे, म्हणून लोकांनी शब्द बदलला. म्हणजे धाकटा भाऊ ज्याला मान्थौ म्हणतो ते आजचं सारण भरलेलं बाव-झ, आणि थोरला जे विकतो तो आजचा मान्थौ. कादंबरी वाचणाऱ्या आजच्या चिनी मुलाला हे समजावून सांगावं लागतं.

आता मागे जाऊ, मुंडक्यांची गोष्ट लिहिली जाण्याआधी. तिसऱ्या शतकाच्या अखेरीस, झूगे ल्यांगच्या मोहिमेला शंभर वर्षंही उलटली नव्हती तेव्हा, जिन राजवटीत शू शी नावाचा एक विद्वान होऊन गेला. एका जुन्या थडग्यात बांबूच्या पट्ट्यांवर लिहिलेला ग्रंथसंग्रह सापडला होता. त्यावरची कुणालाच न लागणारी पुराणी लिपी वाचणाऱ्यांत तो होता. अशा माणसानं पिठाच्या पदार्थांवर एक दीर्घ काव्य लिहिलं आहे, ‘बिंग फू’. मान्थौ हा शब्द आपल्याला इतक्या लवकर भेटतो तो इथे. आणि त्यात डोकं नाही, नदी नाही, बळी नाही. आहे तो ऋतू. वसंताच्या सुरुवातीला, थंडी सरली आहे पण ऊब अजून उष्म्यापर्यंत पोचलेली नाही अशा दिवसांत, मेजवानीला मान्थौ मांडावा, असं कवी सांगतो. उन्हाळ्याला वेगळा पदार्थ, शरदाला वेगळा. हिवाळ्याच्या पहाटे नाकातलं पाणी गोठतं, तोंडाभोवती दव पांढरं होतं, तेव्हा रश्श्यातल्या गरम शेवयांशिवाय गत्यंतर नाही.

पुढे वर्षभर चालणाऱ्या एका सारणाच्या गोळ्याचं वर्णन येतं, आणि तिथे या पंडिताची लेखणी सुटते. दोनदा चाळलेलं पीठ, मेंढ्याचं मांस आणि डुकराची बरगडी, चरबी आणि मांस निम्मंनिम्मं, आलं, कांदा. पारी इतकी पातळ की आतलं सारण बाहेरून कळावं, पण फाटू नये. मग वास वाऱ्यावर सुटतो आणि कवी पदार्थ सोडून माणसांकडे बघायला लागतो: वाऱ्याच्या दिशेला असलेल्या वाटसरूच्या तोंडाला सुटलेलं पाणी, रिकामंच तोंड हलवत तिरक्या नजरेनं पाहणारी नोकर पोरं, भांडी धरून ओठ चाटणारे, बाजूला उभे राहून कोरडाच आवंढा गिळणारे. जेवणारे जेवतात याचं कौतुक कुठल्याही कवीनं केलं असतं. न जेवणाऱ्यांचे चार प्रकार मोजणारा हा कवी वेगळाच. खाद्यकाव्यात एवढी समज मी फार कमी पाहिली आहे.

या काव्याच्या सुरुवातीला शू शीनं नावांबद्दलही एक गोष्ट नोंदवून ठेवली आहे. हे पदार्थ काही फार प्राचीन नाहीत, यांतली काही नावं गल्लीबोळांत जन्मली आणि काहींच्या कृती परक्या लोकांच्या चालीरीतींतून आल्या, असा त्याचा अभिप्राय आहे. सतराशे वर्षांपूर्वीचा, दरबारी भाषेत लिहिणारा पंडित सरळ सांगतो की यांतले काही शब्द आमच्या पोथ्यांतले नाहीत, रस्त्यावरचे आहेत. आज काही अभ्यासक मान्थौ हा मुळात तुर्की बोलींतला शब्द मानतात, काही तो चिनीतूनच पश्चिमेला गेला म्हणतात. मला यात शू शीची साक्ष सगळ्यांत वजनदार वाटते, कारण त्याला कुणाचाही हक्क सिद्ध करायचा नव्हता.

नंतरचा मुक्काम मंगोलांच्या दरबारात आहे. 1330 मध्ये हू सी-ह्वे या आहारवैद्यानं युआन सम्राटाला ‘यिनशान चंग-याव’ हा खाण्यापिण्याचा ग्रंथ सादर केला. त्यात मान्थौचे काही प्रकार आहेत. एकाच्या पारीला कात्रीनं कापून फुलांचे आकार द्यायचे, वाफवायचं आणि पाकळ्यांना गुलाली रंगाची बोटं लावायची. पण मी थांबतो तो ‘वांग्याचा मान्थौ’ या कृतीपाशी. मेंढ्याचं मांस, चरबी, शेपटाची चरबी, कांदा, संत्र्याची वाळवलेली साल, सगळं बारीक चिरायचं. कोवळ्या वांग्यातला गर काढून त्यात ते भरायचं, वाफवायचं. वर लसूण घातलेलं दही आणि कोथिंबीर. संपली कृती. यात कणकेचा कणही नाही! तरी दरबारातला वैद्य बेलाशक त्याला मान्थौ म्हणतो. म्हणजे त्या मुदपाकखान्यात मान्थौ हा पिठाचा प्रकार राहिला नव्हता. पोटात सारण कोंबून वाफेवर ठेवलं की झाला मान्थौ. शब्दाचं सारण पुन्हा एकदा बदललं होतं.

आणि ते लसणीचं दही! चिनी स्वयंपाकात दही शोधून सापडायचं नाही. ते गवताळ मुलुखातल्या, घोड्यामेंढ्यांवर जगणाऱ्या लोकांचं. सुमारे शतकभरानं, दुसऱ्या मुराद सुलतानाच्या काळात, मुहम्मद बिन महमूद शिरवानी हा वैद्य बगदादच्या तेराव्या शतकातल्या एका पाकग्रंथाचं तुर्कीत भाषांतर करतो आणि पदरच्या काही कृती त्यात घालतो. त्यांत मान्ती आहे. कोकराचं मांस, कुटलेले हरभरे, वाफेवर शिजवणं, आणि वर लसणीचं दही. बीजिंगच्या दरबारात वांग्यावर पडलेली चव हजारो कोस दूर तुर्की पारीवर पडलेली आहे. दोन्हींच्या मधल्या प्रदेशावरून लसणीच्या दह्याची वाट जाते, आणि शब्दाचीही तीच असणार.

आजच्या कायसेरीत मान्ती करणं म्हणजे डोळे फोडण्याचं काम. घट्ट कणीक ओकलावा नावाच्या लांब, बारीक लाटण्यानं कागदासारखी लाटतात, तिचे जेमतेम सेंटिमीटरभर लांबीरुंदीचे चौकोन कापतात, प्रत्येकावर हरभऱ्याएवढा खिमा ठेवतात आणि चारही टोकं वर आणून चिमटतात. या आकाराला बोहचा म्हणतात, म्हणजे गाठोडं. एका चमच्यात चाळीस मावल्या तर सून कसबी, असा तिथला दाखला. एवढ्या लहान पुडीत मांसाची चव शोधावी लागते हे उघड आहे. पण कायसेरीच्या बायकांना चव दाखवायचीच नसते, बोटं दाखवायची असतात. मग उकळत्या पाण्यात शिजवून वर लसणीचं दही, लाल मिरचीचं तापलेलं लोणी, सुमाकची आंबट पूड, पुदिना. वाफ गेली, पाणी आलं, नाव तेच.

ताश्कंदची मान्ती याच्या अगदी उलट वृत्तीची. मेंढ्याचं मांस सुरीनं हातानं बारीक केलेलं, तितकाच कांदा, त्यात दुंबा म्हणजे शेपटाच्या चरबीचा तुकडा. कस्कान नावाच्या मजल्यामजल्यांच्या भांड्यात ती वाफवतात. बूड चिकटू नये म्हणून प्रत्येक मान्ती आधी तेलात टेकवून ठेवतात. आपण मोदकपात्रात हळदीचं पान घालतो ते याच धास्तीनं. चारपाच झाल्या की ताट भरतं, आणि चमच्यानं खाणाऱ्याकडे लोक कीव आल्यासारखं पाहतात. काबूलच्या मान्तूवर हरभऱ्याच्या डाळीचा रस्सा आणि टांगून घट्ट केलेलं दही पडतं. त्या दह्याला तिथे चक्का म्हणतात. श्रीखंड करणाऱ्याला हा शब्द समजावून सांगायला नको.

पश्चिमेकडचे बाकीचे मुक्काम भराभर उरकता येतील. बुखारा आणि आसपासच्या मुलुखातले लोक मक्का, मदिना, जेद्दात स्थायिक झाले आणि मान्तू हिजाझच्या रमजानी पानात जाऊन बसला. आर्मेनियन लोकांनी तोंड उघडी ठेवलेल्या नावेसारख्या मान्त्या परातीत गोल रचून भट्टीत भाजल्या. सर्बियातल्या नोवी पाझार गावात मान्तिये म्हणजे शेजारी शेजारी चिकटवून भाजलेल्या मांसाच्या छोट्या कचोऱ्या. वाफ नाही, पाणीही नाही. कणीक आणि मांस तेवढं उरलं आहे, आणि ‘मान’ हे पहिलं अक्षर.

पूर्वेला कोरियात नावाभोवती बदनामी आहे. तेराव्या शतकाच्या अखेरीस, चुंगन्योल राजाच्या काळात, ‘स्सांगह्वाजम’ नावाचं एक गाणं दरबारात गायलं जाई. स्सांगह्वा म्हणजे बहुतेक अभ्यासकांच्या मते मांदूच, आणि जम म्हणजे दुकान. एक बाई तिथे खरेदीला जाते, तर परदेशी दुकानदार, मध्य आशियातून आलेला मुसलमान, तिचं मनगट धरतो. बाईला काळजी मनगटाची नाही. ही बातमी बाहेर फुटली तर ती कुणी फोडली, याची तिला चिंता. पुढच्या पिढ्यांतल्या कन्फ्यूशियन पंडितांनी हे गाणं अश्लील ठरवलं. इतिहासकाराच्या दृष्टीनं मात्र ते सोन्यासारखं आहे: मांदूचं दुकान कोण चालवायचं, तो पदार्थ कुणाच्या हातून आला, हे त्यात फुकट कळतं. आज तोच मांदू नववर्षाच्या सकाळी सूपमध्ये पडतो, परकेपणाचा मागमूस नाही. आणि 2003 च्या ‘ओल्डबॉय’ या चित्रपटात पंधरा वर्षं कोंडून ठेवलेल्या माणसाला रोज तळलेले मांदूच खायला मिळतात; सुटल्यावर तो गावातल्या एकेका उपाहारगृहात मांदू चाखत फिरतो आणि चवीवरून आपला तुरुंग शोधून काढतो. मांदूचं याहून बारकाईनं केलेलं वाचन दुसरं नसेल.

चीनमध्ये दरम्यान नावातलं सारण काढून टाकलं गेलं. उत्तरेत भरलेल्याला बाव-झ आणि न भरलेल्याला मान्थौ अशी वाटणी झाली. शांघायच्या बाजूला लोकांनी ती मानली नाही. तिथे तळाशी खरपूस केलेले शंग-ज्यान मान्थौ आणि रस्सा भरलेले श्याव-लुंग मान्थौ अजून पोटभर मांसाचे असतात, आणि उत्तरेकडचा पाहुणा पहिल्यांदा खाताना शर्टावर रस्सा सांडून घेतो.

जपानात तर सारणाचा धर्मच बदलला. परंपरा सांगते की 1349 मध्ये र्यूझान तोक्केन हा झेन भिक्षू चीनहून परतला तेव्हा त्याच्याबरोबर लिन जिंग-यिन नावाचा माणूस आला, नारात राहिला आणि मान्ज्यू करू लागला. मठातल्या भिक्षूंना मांस वर्ज्य, म्हणून त्यानं गोड अझुकी भरली. नारात त्याच्या नावाचं लहानसं देऊळ आहे आणि दरवर्षी 19 एप्रिलला तिथे मिठाईवाले मान्ज्यू वाहायला येतात. ज्या शब्दात चिनी लोकांनी बळीचं मुंडकं पाहिलं त्याचा इथे प्रसाद झाला.

भीती मात्र जपान्यांनीही सोडली नाही, फक्त तिची थट्टा केली. राकुगो हा तिथला बसून गोष्ट सांगण्याचा प्रकार. त्यात ‘मान्ज्यू कोवाइ’, म्हणजे ‘मान्ज्यूची भीती’, हा खेळ फार प्रसिद्ध आहे, आणि मूळ विनोद चीनमधूनच आलेला. गावातली टवाळ पोरं जमतात, कोण कशाला घाबरतो ते सांगत बसतात. कुणी साप म्हणतो, कुणी कोळी. एकजण म्हणतो, मी कशालाच घाबरत नाही. फारच छळल्यावर तो कबूल करतो: मान्ज्यू. नाव काढलं तरी अंग थरथरतं, मी आत जाऊन पडतो. पोरं पैसे काढून गावातले सगळे प्रकारचे मान्ज्यू आणतात आणि त्याच्या उशाशी रचतात. आतून किंचाळ्या ऐकू येतात. अरे बापरे, हा केवढा भयंकर, हा तर त्याहून भयंकर, आणि मधेमधे घास अडकल्याचा आवाज. कसलेल्या कथाकाराची परीक्षा इथेच असते, कारण हातात पंखा आणि हातरुमाल याशिवाय काही नसताना त्याला प्रत्येक मान्ज्यू वेगळा खाऊन दाखवायचा असतो. पारी कुठली पातळ, पुरण कुठलं चिकट, हे प्रेक्षकांना त्याच्या जबड्यावरून कळलं पाहिजे. पोरं दार उघडून बघतात तर पेट्या रिकाम्या. चिडून विचारतात, अरे लबाडा, तुला खरोखर भीती कशाची वाटते ते सांग. तो ओठ पुसत म्हणतो, आत्ता विचाराल तर एका पेलाभर गरम चहाची.